नाच घरात, पण घर कोणाचं?

हल्ली मोठ्या शहरांतून एक नवी चाल निघाली आहे. नाचणारी एकटी. रंगमंच नाही, विंगा नाहीत, पडदा नाही. कुणाच्या तरी राहत्या घराचा दिवाणखाना, गच्ची, कधी तर स्वयंपाकघरसुद्धा. वीस-पंचवीस माणसं सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेली. नाचणारीचा श्वास ऐकू येतो, घाम दिसतो, गिरकी घेतली की पदराचा वारा लागतो. ह्याला 'समकालीन नृत्य' म्हणतात आणि घरातल्या प्रयोगाला 'इंटिमेट' म्हणतात. मराठीत 'जवळिकीचा नाच' म्हणून बघा, हीच मंडळी कानकोंडी होतील. कारण मराठी मुलखात जवळिकीचा नाच कोणत्या जातीच्या बायांनी केला, कुणापुढं केला आणि त्याचे पैसे कुणी मोजले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ठाऊक असूनही बोलायचं नाही, म्हणून इंग्रजी शब्द.

असंच एक निमंत्रण मला धुळ्यात हाती पडलं. मोजकीच माणसं, चपला दाराबाहेर, मोबाईल बंद, प्रयोगानंतर चहा आणि चर्चा. आमच्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्या मावशीला मी ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आते त्या घरमा नाचतस आनि त्याले कला म्हनतस. मंग आमना येळले ते काय व्हतं रे भाऊ?"

मावशीचा हा प्रश्न समीक्षेचा आहे. आमच्या विद्यापीठांतल्या समीक्षकांना तो पडत नाही, म्हणून हा लेख.

प्रथम हे सांगून टाकतो की घरातल्या नाचाला माझा विरोध नाही. रंगमंच हे काही सोवळं ठिकाण नव्हे. नाटकगृहात नाचणारी उंचावर, पाहणारा अंधारात, दोघांत वीस-तीस फुटांचं अंतर. ते अंतर मोडावंसं वाटलं तर ती मागणी रास्त आहे. पण मोडताना हे नवं काही करतो आहोत असा आव नको. ज्या आधुनिक नृत्याचं नाव ही मंडळी घेतात त्याची पहिली पावलंच मुळी श्रीमंतांच्या दिवाणखान्यात पडली. इझाडोरा डंकन 1900 च्या आगेमागे न्यूयॉर्क, लंडन आणि पॅरिसच्या धनिक बायांच्या घरी नाचत होती. मोकळे केस, अनवाणी पाय, अंगात सैल झगा. यजमानीण पाहुण्यांना चहा देई आणि मधे ही पोरगी नाचून दाखवी. पुढं ती जगप्रसिद्ध झाली, 'नृत्याला मुक्त करणारी' म्हणून पुस्तकांत गेली. तिच्या बाबतीत कुणी म्हटलं नाही की ही घरोघर नाचणारी बाई. आपल्याकडं त्याच काळात कोल्हाट्याची, महाराची, मांगाची पोर मालकाच्या वाड्यात नाचली तर तिला काय म्हणत होते, ते इथं छापवत नाही.

आपल्या देशात ह्या वाटेनं गेलेल्यांत चंद्रलेखांचं नाव मोठं. 1928 साली महाराष्ट्रातल्या वाड्याला जन्मलेली ही बाई 2006 साली चेन्नईत गेली. तिथं समुद्राकाठच्या स्वतःच्या घराच्या आवारातच तिनं नाचाची जागा उभी केली. भरतनाट्यमचा देवळातला नि दरबारातला साज उतरवून नुसतं शरीर समोर ठेवलं. ते धाडस मी मानतो. पण समुद्राकाठी घर असणं ही गोष्टही त्या धाडसाच्या हिशेबात धरली पाहिजे.

दुसरं उदाहरण मनदीप रैखी ह्यांच्या 'क्वीन साइझ'चं, साल 2016. तो एकट्याचा नाच नव्हे, दोघांचा. दोन पुरुष, एक चारपाई आणि अगदी जवळ बसलेले प्रेक्षक. त्या वेळी 377 कलम जिवंत होतं. पुढं 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयानं प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते काढून टाकलं. म्हणजे प्रयोग झाला तेव्हा दोन पुरुषांच्या चारपाईपाशी पोलिसाला यायला कायद्यानं वाट ठेवलेली होती. म्हणून तिथं प्रेक्षकाला खोलीत घेणं ही हौस नव्हती. खोलीत कोण शिरू शकतो, हाच त्या नाचाचा विषय होता. घरातल्या नाचाला खरा अर्थ येतो तो असा. बाकीच्या पुष्कळ प्रयोगांत घर नुसतं नेपथ्य असतं. भिंतीवर वारली चित्र, कोपऱ्यात पितळी समई, खिडकीत तुळस. त्या घरात झाडू मारणारी बाई प्रयोगाच्या वेळी कुठं होती, हे कुणी विचारत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. मराठीतला एकट्या बाईचा, बंद खोलीतला, जवळून पाहायचा नाच म्हणजे बैठकीची लावणी. तिची थोरवी सांगायला लोक कचरतात किंवा मग इतकी गोड करून सांगतात की बाई त्यातून नाहीशीच होते. मला दोन्ही नको.

फडावरची लावणी उभ्यानं, ढोलकीच्या कडकडाटात, हजार माणसांपुढं. बैठकीची तशी नाही. बाई बसते. एक गुडघा उभा, दुसरा पाय मुडपलेला, नऊवारीचा घोळ पुढं पसरलेला. मागं पेटी आणि तबला. पाय जवळजवळ थांबलेले. नाचतात ते डोळे, भुवया, मान, मनगट, बोटं आणि पदर. गळाही तिचाच. एक ओळ ती घेते आणि सोडतच नाही. पहिल्यांदा त्या ओळीत लाडिक तक्रार, दुसऱ्यांदा तीच ओळ घेताना नजर दाराकडं, म्हणजे वाट पाहणं. तिसऱ्यांदा राग, चौथ्यांदा थट्टा, पाचव्यांदा नुसतं ओठ मुडपणं. शब्द तेच, सूर जरा इकडं-तिकडं, अर्थ पाच. ह्याला अदाकारी म्हणतात, लावणी 'खुलवणं' म्हणतात. हे काम तीस फुटांवरून दिसतच नाही, त्याला खोलीच लागते. बोटभर हललेली भुवई दिसायला पाहणारा चार हातांवर असावा लागतो. म्हणजे जवळिकीचं जे तंत्र आज कार्यशाळा भरवून शिकवतात, ते ह्या बायांनी पिढ्यान् पिढ्या आईकडून, मावशीकडून, मार खाऊन शिकलेलं आहे.

वाईच्या यमुनाबाई वाईकर ह्या त्यातल्या शिरोमणी. कोल्हाटी समाजात 1915 साली जन्म. लहानपणी आईबरोबर रस्त्यावर नाचून-गाऊन पोट भरलं. 2012 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा वय नव्वदीच्या पुढं. 2018 साली गेल्या. त्यांचं गाणं ऐकावं. आवाजाला धार आहे, लाचारी नाही. शृंगाराची ओळ अशी टाकतात की समोरचा मालक असो की मंत्री, क्षणभर तोच ओशाळावा. हे मी भक्तिभावानं म्हणत नाही. बसून, फक्त कमरेच्या वरच्या शरीरानं माणसं दोन-दोन तास जागी धरणं ही नृत्यातली अवघड गोष्ट आहे, आणि जिला ही जमली तिचं नाव नृत्याच्या इतिहासात डंकनबाईंच्या शेजारी यायला हवं. येत नाही. यमुनाबाईंना 'लोककलावंत' म्हणतात. लोककला म्हटलं की कर्ता गायब होतो नि परंपरा तेवढी उरते.

पण आता खोलीकडं बघू. ती खोली बाईची नव्हती. पेशवाईत वाड्यांत ठेवलेल्या नाचणाऱ्या बायांना 'नाटकशाळा' म्हणत. शब्द बघा, शाळेचं नाव आणि बाई कोंडलेली. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात होनाजी बाळाच्या लावण्या रागदारीत रंगल्या, त्याचं कौतुक वाङ्मयाच्या इतिहासात पानंच्या पानं आहे. गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायांची नावं त्या पानांत शोधा, मोजकी सापडतील. पुढं वाडे पडले नि संगीत बारीची थेटरं आली. पुणे, नगर, सोलापूर, सातारा हा त्यांचा मुलूख. तिथं पुढच्या बाजूला तिकिटाचा खेळ आणि मागं बारीच्या खोलीत मोजक्यांची खाजगी बैठक. दौलतजादा होते, नोट हातात धरून फर्माईश होते. बाईनं हसून उठावं, नोट घ्यावी, मुजरा करावा आणि पुन्हा बसावं. फर्माईश नाकारायची सोय कितपत, हे त्या रात्री पेटीत किती पडले त्यावर.

डॉ. किशोर शांताबाई काळे ह्यांचं 'कोल्हाट्याचं पोर' 1994 साली आलं. आपल्यातल्या पुष्कळांनी ते एका रात्रीत वाचून काढलं. चिरा उतरणं म्हणजे काय, तो उतरला की पोरीला लग्न नाही, तिच्या कमाईवर बाप आणि भाऊ कसे बसून खातात, मालकानं ठेवली की नाच सुटतो आणि मालकानं सोडली की पुन्हा चाळ बांधावे लागतात, हे सगळं आईच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या लेकानं लिहिलं. हे पुस्तक वाचल्यावर बैठकीच्या लावणीतली 'जवळीक' हा शब्द पूर्वीसारखा उच्चारता येत नाही. ती वाट पाहण्याची अदा खोटी नव्हती, पण ती कुणाची वाट पाहत होती? मालकाची, की गाडी निघून जाण्याची?

इथं आपल्या चळवळीची बाजू येते. 16 जून 1936 रोजी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेब देवदासी, जोगतिणी, मुरळ्या अशा बायांपुढं बोलले. हे जिणं सोडा, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं; हाल सोसावे लागले तरी सोडा. पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या खेळांचे पैसे चळवळीला देऊ केले आणि ते बाबासाहेबांनी नाकारले, ही हकीकतही आपल्यात घरोघर सांगतात. बापूराव ब्राह्मण, त्यांच्या फडातली पवळाबाई महाराची. नाव बापूरावांचं झालं, नाचली पवळा. तो पैसा कुठून आला हे बाबासाहेबांना दिसत होतं. मग आंबेडकरी जलसे निघाले. त्यांनी तमाशाची ढोलकी घेतली, सवाल-जवाब घेतले, बतावणी घेतली. नाचणारी बाई मात्र घेतली नाही.

हा नकार बरोबर होता. त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ज्या शरीरावर गावानं हक्क सांगितला ते शरीर गावासमोरून काढून घेणं हा विद्रोहच होता. पण त्या नकारानंतर एक जागा रिकामी राहिली, ती आपण भरली नाही. आपल्या पोरीनं नाचायचं असेल तर कुठं? कविता आपण घेतली, आत्मकथन घेतलं, नाटक घेतलं, चित्रसुद्धा घेतलं. बाईचं एकटीचं नाचणं मात्र आपल्या साहित्यसंमेलनाच्या मंडपातही अजून पाहुणंच आहे. नाच म्हटला की आपली मान अजूनही खाली जाते. शैलजा पाईक ह्यांनी 2022 साली तमाशावर इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिला. 'अश्लील' हा शब्द जातीशी कसा जखडलेला आहे, हे त्यांनी दाखवलं. दलित बाईच्या अंगाला अश्लीलता जन्मजात चिकटवली जाते, मग ती काहीही करो. माझ्या मते ही मांडणी आपल्या प्रत्येक अभ्यासमंडळात वाचली पाहिजे. धुळ्याच्या कॉ. शरद् पाटलांनी 1988 साली अब्राह्मणी साहित्याच्या सौंदर्यशास्त्रावर पुस्तक लिहून ठेवलं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. अब्राह्मणी नाचाचं सौंदर्यशास्त्र मांडायला कुणी बसलेलं मला दिसलं नाही.

खोली कुणाची ह्यावर नाचाची किंमत ठरते, हे सरकारनं तर कायद्यात लिहून दाखवलं. 2005 साली डान्सबारवर बंदी आली. हजारो बाया रस्त्यावर आल्या, त्यांत पिढीजात नाचणाऱ्या जातींच्या पुष्कळ. पण त्याच कायद्यात तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट होती! गाणं तेच, कंबर तीच, फक्त झुंबर महाग. 2013 साली सर्वोच्च न्यायालयानं ही बंदी घटनाबाह्य ठरवली, तोवर आठ वर्षं गेली होती. तेवढ्या काळात ज्या बाया कुठं कुठं पांगल्या त्यांचा हिशेब कुठल्याच निकालपत्रात नाही.

आणखी एक गोष्ट अलीकडची. 25 मार्च 2020 ला गुढीपाडवा होता आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. पाडवा ते बुद्धपौर्णिमा हा तमाशाच्या सुगीचा काळ. नारायणगावच्या राहुट्यांत पाडव्याला गावोगावची पंचमंडळी सुपारी द्यायला येतात. त्या साली जत्रा बुडाल्या, पुढच्या साली पुन्हा बुडाल्या. फडांतल्या बाया-माणसांनी भाजी विकली, मजुरी केली, उधारीवर दिवस काढले. आणि नेमक्या त्याच महिन्यांत शहरातल्या नर्तकी आपापल्या दिवाणखान्यात, बाल्कनीत, जिन्यात एकट्यानं नाचून ते मोबाईलवरून जगाला दाखवत होत्या. त्यावर लेख आले, चर्चा झाल्या, 'घर आणि शरीर' असे विषय निघाले. मी त्यातल्या काहींचं काम पाहिलं, दोन-चार खरोखर चांगली होती. कोंडलेल्या माणसाची तगमग त्यांत होती. पण घर हे नाचायला मिळालेली जागा आहे, हेच त्यांच्या ध्यानात येत नव्हतं. तंबूतल्या बाईला टाळेबंदीत नाचायला घर सोडा, परतायला घर नव्हतं.

आपल्या खानदेशात घरातला नाच नाही असं नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. रात्रभर बाया गातात, फुगड्या घालतात, एखादीच्या अंगात येतं आणि मग ती एकटी घुमते, बाकीच्या वाट करून देतात. नाचाच्या नजरेनं पाहिलं तर ते एकटीचं, घरातलं, जवळून पाहायचं नृत्यच. वर्षभर मान वर न करणारी सून त्या रात्री सासऱ्यासमोर केस मोकळे सोडते आणि तिला कुणी अडवत नाही. पण तिला तेवढी मुभा घ्यायला देवी मधे घालावी लागते, स्वतःच्या नावावर नाचता येत नाही. शिवाय कानबाईचे रोट भाऊबंदकीनंच खायचे, बाहेरच्यानं नाही. आम्ही तर उंबऱ्याच्याही बाहेरचे. धम्म घेतल्यावर आमच्या वस्त्यांतून देव गेले आणि अंगात येणंही गेलं. गेलं ते बरंच झालं. बाईचं दुःख घुमून निघत नाही, त्याला दवाखाना लागतो, कायदा लागतो.

नाच आमच्यात परत आला तो रस्त्यावर. 14 एप्रिलला जळगावात, धुळ्यात, भुसावळात मिरवणुकीत बाया नाचतात, पांढऱ्या साड्या नेसलेल्या, आज्या आणि नातीसुद्धा. पांढरपेशे नाकं मुरडतात, डीजेचा त्रास होतो म्हणतात. आवाजाबद्दल त्यांचं म्हणणं मी ऐकून घेईन, नाचाबद्दल नाही. भर रस्त्यात, कुणाच्या फर्माईशीवाचून, नोट न घेता आमची बाई नाचते आहे, ही गोष्ट पवळाबाईनं पाहायला हवी होती. पण तो समूहाचा नाच आहे. गर्दीत अंग झाकलं जातं. एकटीचं काय?

म्हणून 'संगीत बारी'सारखा प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो. भूषण कोरगावकरांचं त्या नावाचं पुस्तक 2014 चं. त्यांनी आणि सावित्री मेधातुल ह्यांनी मिळून तो रंगमंचावर आणला. शकुंतलाबाई नगरकरांसारख्या ह्याच पेशातल्या बाया त्यात आहेत. अदाकारी कशी करतात ते शकुंतलाबाई मोडून-उलगडून दाखवतात आणि प्रेक्षकांची टिंगलही करतात. बाई नाचाची वस्तू न राहता नाचाची जाणकार म्हणून समोर येते, हे मोठं काम झालं. माझी हरकत एकच. निवेदन कुणाच्या तोंडी जास्त आहे ते मोजून बघावं. बाई अदा दाखवणार आणि अर्थ दुसऱ्यानं सांगायचा, ही जुनी वाटणी अजून पुरती मोडलेली नाही. ती मोडेल ह्याची चिन्हं मात्र त्या प्रयोगातच आहेत, कारण शकुंतलाबाई बोलायला लागल्या की निवेदक आपोआप मागं सरकतो.

तर मित्रहो, घरातल्या नाचाचं निमंत्रण आलं तर जरूर जावं. मीही धुळ्याला गेलो. पोरगी चांगली तयारीची होती, जमिनीचा धाक नव्हता तिला. भिंतीला पाठ लावून ती हळूहळू खाली घसरत बसली तेव्हा खोली गप्प झाली. नंतर चर्चेत शब्द आले: अवकाश, देह, स्मृती. मी विचारलं, बाई, ही खोली किती फुटांची? यजमान कौतुकानं म्हणाले, हॉल बावीस बाय सोळा. म्हणजे साडेतीनशे चौरस फूट. सरकारी घरकुल किती असतं माहीत आहे? ग्रामीण योजनेत किमान पंचवीस चौरस मीटर, म्हणजे दोनशे एकोणसत्तर चौरस फूट, चूल त्यातच. चहा मात्र छान होता.

जळगावला आमच्या नात्यात एक पोरगी आहे, बारावीला. बाप डाळमिलमध्ये रातपाळीला जातो, दिवसा घरात झोपतो. म्हणून तिचा नाच रात्री, बाप कामावर गेल्यावर. खाट बाहेर ओट्यावर काढायची, पिंपाला धक्का लागू द्यायचा नाही, धाकट्या भावाला शेजारी पाठवायचं. नाच कसला म्हणाल तर थोडा मोबाईलवर पाहिलेला, थोडा जयंतीचा, थोडा तिचा तिलाच सुचलेला. तिची आई मला म्हणाली, "भाऊ, तुमी नाचावर लिवता म्हने, एकदा पाहून जा." मी पोरीला विचारलं, पाहू का? ती म्हणाली, "नाही मामा, अजून नाही," आणि आतून कडी लावली.